धान्य द्यायचं की पीठ: सोर्स-रूपातल्या टेस्टिंग लायब्ररीचं डेबियन पॅकेज

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका सी++ टेस्टिंग लायब्ररीचं (टेस्ट्स लिहायला लागणाऱ्या तयार कोडचं) डेबियन या लिनक्स डिस्ट्रोसाठी, म्हणजे वितरणासाठी, पॅकेज करायचंय. मूळ लेखकांनी रीडमीत स्पष्ट लिहिलंय, की ही लायब्ररी आधी कंपाइल करून (यंत्राच्या भाषेत बदलून) ठेवू नका, सोर्स (मूळ लिहिलेला कोड) आपल्या प्रोजेक्टमध्ये घ्या आणि प्रोजेक्टबरोबरच बिल्ड करा. मग पॅकेजमध्ये ठेवायचं काय, आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या जातीच्या) ओळीत लिहायचं काय, आणि नुसत्या सोर्स फायलींचं पॅकेज करण्यात अर्थ तरी आहे का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असतं तर पुढचं लिहायची गरजच नव्हती. अर्थ आहे. डेबियनच्या बिल्ड यंत्रांवर बिल्डच्या वेळी बाहेरून काही डाउनलोड करायची परवानगी नसते; जे लागेल ते दुसऱ्या पॅकेजमधूनच यायला हवं. ज्यांच्या टेस्ट्स तुमच्या लायब्ररीवर चालतात त्यांना ती पॅकेज म्हणून मिळाली नाही, तर प्रत्येक जण आपल्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) तिची एकेक प्रत कोंबणार. डेबियन पॉलिसीत या सवयीविरुद्ध वेगळा मुद्दाच आहे. एकाच लायब्ररीच्या वीस प्रती, प्रत्येकीचं वय वेगळं, आणि नवा जीसीसी (कंपायलर) आला की वीस ठिकाणी तोच पॅच, हे ज्याने एकदा निस्तरलंय त्याला पटवून द्यावं लागत नाही.

एक शब्द आधी निवडून घेऊ. डेबियनमध्ये ‘सोर्स पॅकेज’ म्हणजे डीएससी फाइल आणि टारबॉल, ज्यापासून डेब (इन्स्टॉल करायचं पॅकेज) बनतं. आपण बोलतोय ते वेगळं: डेब फाइलच, म्हणजे रीतसर बायनरी पॅकेज, पण तिच्या पोटात कंपाइल न केलेला कोड. बोलताना दोन्हींची सरमिसळ होते आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

तुम्ही लायब्ररीचं नाव दिलेलं नाही, म्हणून गूगलटेस्टचं उदाहरण धरून चालतो. तुमची अडचण डेबियनने त्या पॅकेजवर कित्येक वर्षं भोगली आहे.

गूगलने ती लायब्ररी २००८ मध्ये खुली केली. सुरुवातीला डेबियन आणि उबुंटूत ती इतर कुठल्याही लायब्ररीसारखीच मिळायची: हेडर फायली (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या) आणि कंपाइल केलेली लायब्ररी. मग १.६ आवृत्तीच्या सुमारास लेखकांनी ‘मेक इन्स्टॉल’च बंद केलं. ती आज्ञा दिली की स्क्रीनवर येई, की हे धोकादायक आहे, याला आधार नाही, रीडमी वाचा. आणि बिल्ड तिथेच अडे. डेबियनने त्यांचं म्हणणं मानलं. उबुंटू १२.०४ वापरणाऱ्यांना एके दिवशी दिसलं, की लिबजीटेस्ट-डेव्ह (गूगलटेस्ट म्हणजेच जीटेस्टचं पॅकेज) इन्स्टॉल होतंय, हेडर सापडतायत, पण लिंक करायला (प्रोग्रॅमला जोडायला) लायब्ररी कुठेच नाही. होता तो फक्त /यूएसआर/एसआरसी/जीटेस्ट या डिरेक्टरीत सोर्स. सीमेक या बिल्ड साधनाचं जीटेस्ट शोधणारं मॉड्यूल ‘लायब्ररी सापडली नाही’ म्हणून हात वर करायचं. त्या काळात हा प्रश्न विचारला नाही असा सी++ वाला मला भेटलेला नाही.

लेखकांचा हट्ट उगाच नव्हता. सी++ मध्ये नियम आहे, की एखाद्या क्लासची किंवा इनलाइन फंक्शनची व्याख्या प्रोग्रॅममधल्या कितीही फायलींत येवो, ती सगळीकडे तंतोतंत एकच असली पाहिजे. हा नियम मोडला तर कंपायलरने तक्रार केलीच पाहिजे असं बंधन नाही. तो एका वेळी एकच फाइल बघतो. आणि टेस्टिंग लायब्ररीचे हेडर तर मॅक्रोंनी खचाखच भरलेले. एक्सेप्शन (चुका हाताळायची यंत्रणा) चालू आहेत का, आरटीटीआय (चालताना प्रकार ओळखायची सोय) आहे का, पीथ्रेड (थ्रेडची लायब्ररी) आहे का, सी++ चं कुठलं स्टँडर्ड आहे, हे सगळं ते कंपाइलच्या वेळी हुंगतात आणि त्याप्रमाणे आपलं रूप बदलतात. तुम्ही एका फ्लॅगने (कंपायलरला दिलेल्या पर्यायाने) लायब्ररी कंपाइल केली आणि वापरणाऱ्याने दुसऱ्या फ्लॅगने आपली टेस्ट, तर एकाच नावाचे दोन वेगळे क्लास एका प्रोग्रॅममध्ये नांदायला लागतात.

आमच्याकडे गिरणीवर डबा जातो तेव्हा बरोबर निरोप जातो: ज्वारी बारीक, भाजणी जराशी जाडसर, लाडवाचं बेसन रवाळ. एकदा दळलं की जाडी बदलता येत नाही. कंपाइल केलेली लायब्ररी म्हणजे डिस्ट्रोने स्वतःच्या मापाने दळून ठेवलेलं पीठ. सोर्स-रूपातलं पॅकेज म्हणजे धान्य. उपमा इथपर्यंतच चालते, कारण चुकीच्या जाडीचं पीठ भाकरी थापतानाच कळतं. इथे भाकरी टम्म फुगते, ताटात येते, आणि तिसऱ्या घासाला दात हलतो.

सगळ्या विसंगती इतक्या लबाड नसतात. काही ओरडून सांगतात. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने स्ट्रिंग आणि लिस्टची मांडणी बदलली, पण नावांतही फरक केला, त्यामुळे जुनं-नवं मिसळलं की लिंकरच ‘हे फंक्शन सापडत नाही’ म्हणून थांबायचा. डेबियनमध्ये त्या बदलाने कितीतरी लायब्ररींच्या नावांपुढे ‘व्ही५’ हे शेपूट लागलं. लायब्ररी सी++१४ ने बनवली आणि टेस्ट सी++१७ ने, तरी असंच होतं: हेडरला स्ट्रिंग-व्ह्यू (सी++१७ मधला नवा प्रकार) दिसतो, तो त्यासाठीची फंक्शन्स मागतो, आणि लायब्ररीत ती कंपाइलच झालेली नसतात. चिडचिड होते, पण कारण हाती लागतं.

लबाड प्रकारात माझे दोन दिवस गेले आहेत. प्रोजेक्ट लिबस्टडीसी++च्या (जीसीसीच्या स्टँडर्ड लायब्ररीच्या) डीबग मोडमध्ये बिल्ड होत होता, आणि टेस्टिंग लायब्ररी मीच कधीतरी साध्या फ्लॅग्जनी बनवून सिस्टिममध्ये टाकून विसरून गेलो होतो. डीबग मोडमध्ये व्हेक्टरचा (यादी ठेवणाऱ्या प्रकाराचा) आकारच वेगळा असतो. म्हणजे ज्या क्लासच्या आत व्हेक्टर आहे, त्यातली पुढची प्रत्येक गोष्ट हेडरच्या मते एका जागी आणि कंपाइल झालेल्या लायब्ररीच्या मते दुसऱ्या जागी. लिंकिंग विनातक्रार झालं. टेस्ट्स एकेक करून पास व्हायच्या आणि शेवटचा अहवाल छापताना प्रोसेस कोसळायची. मी व्हॅलग्रिंड लावून आमच्याच कोडमध्ये मेमरीची चूक शोधत बसलो. चूक आमच्या कोडमध्ये नव्हतीच.

आता उलट बाजूही सांगतो. बहुतेकांना हे कधीच भेटत नाही. ते डिस्ट्रोचा कंपायलर, डिस्ट्रोचे फ्लॅग वापरतात आणि आयती लायब्ररी सुखाने चालते. फेडोरा (दुसरी डिस्ट्रो) गूगलटेस्ट शेअर्ड (प्रोग्रॅम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररी म्हणूनच देत आलंय. सॅनिटायझर (चालताना चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) वापरणारे, एक्सेप्शन बंद ठेवणारे, एम्बेडेडसाठी क्रॉस-कंपाइल (एका जातीच्या यंत्रावर दुसऱ्या जातीसाठी बिल्ड) करणारे, क्लँग या दुसऱ्या कंपायलरबरोबर लिबसी++ ही त्याची स्टँडर्ड लायब्ररी वापरणारे, अशा लोकांना मात्र सोर्सवाचून गत्यंतर नाही. मेमरी सॅनिटायझरचं तर सरळ आहे: प्रोग्रॅममधला सगळा कोड त्याच्या देखरेखीखाली कंपाइल झालेला लागतो, नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

पॅकेजकडे वळू. आर्किटेक्चरच्या ओळीत ‘ऑल’. कंपाइल झालेलं काहीच नसल्यामुळे एएमडी६४ असो की एआरएम, डेब एकच. पण त्याआधी एक तपासा: तुमच्या अपस्ट्रीमची (मूळ लेखकांची) बिल्ड सिस्टिम कॉन्फिगरच्या वेळी एखादी हेडर फाइल निर्माण करते का? करत असेल आणि ती तुम्ही पॅकेजमध्ये घातलीत, तर ज्या यंत्रावर डेब बनलं त्या यंत्राची मापं सगळ्यांच्या माथी मारली जातात. अशी फाइल वापरणाऱ्याच्या बिल्डमध्येच बनू द्या.

मल्टी-आर्कची (एका यंत्रावर अनेक आर्किटेक्चरची पॅकेजेस नांदवण्याची) ओळ अनेक जण एक तर विसरतात, नाहीतर दुसऱ्या पॅकेजवरून उचलतात. ‘ऑल’ पॅकेज मल्टी-आर्कच्या हिशेबात यंत्राच्या मूळ आर्किटेक्चरचं धरलं जातं. एएमडी६४ यंत्रावर बसून एआरएमसाठी क्रॉस-बिल्ड करणाऱ्याला तुमचं पॅकेज डिपेंडन्सी म्हणून चालावं, यासाठी ‘मल्टी-आर्क: फॉरेन’ लिहावं लागतं. पण तुमच्या सोर्सला कंपाइल व्हायला दुसरी एखादी डेव्ह लायब्ररी लागत असेल आणि ती तुम्ही डिपेंड्समध्ये (आवश्यक पॅकेजेसच्या यादीत) लिहिली असेल, तर ‘फॉरेन’ ही थाप ठरते. एपीटी (पॅकेज आणणारा प्रोग्रॅम) ती दुसरी लायब्ररी एएमडी६४ ची आणून ठेवतो आणि क्रॉस-बिल्डला हवी असते एआरएमची. अशा वेळी एक तर ती डिपेंडन्सी वापरणाऱ्याच्या बिल्ड-डिपेंड्सवर (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीवर) सोडा, नाहीतर पॅकेज ‘एनी’ करून ‘मल्टी-आर्क: सेम’ लिहा. मी पहिला मार्ग घेतो आणि रीडमी डॉट डेबियनमध्ये तशी टीप देतो.

कंपायलर डिपेंड्समध्ये लिहू नका. सी++ बिल्ड करणाऱ्याकडे तो असतोच, आणि कुठला असावा हे ठरवणारे आपण कोण? सीमेक फार तर सजेस्ट्समध्ये.

रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या) थोडा विचित्र प्रकार करावा लागतो: लायब्ररी बिल्ड करायची, अपस्ट्रीमच्या सगळ्या टेस्ट्स चालवायच्या आणि बनलेलं सगळं फेकून द्यायचं. कंपाइल करायचंच नाही म्हणून बिल्डचे टप्पे रिकामे ठेवलेली पॅकेजेस मी पाहिली आहेत. त्यांचा पहिला बग नवा कंपायलर आल्यावर वापरणाऱ्याकडून येतो. बिल्ड सोर्सच्या बाहेर होऊ द्या. सीमेकसाठी डेबहेल्पर (पॅकेज बनवायला मदत करणारा प्रोग्रॅम) ते आपोआप करतो, ‘ओबीजे’ने सुरू होणारी एक डिरेक्टरी बनवतो. ती बनते मात्र सोर्सच्या मुळाशीच, आणि तुमच्या इन्स्टॉल फाइलमध्ये ‘इथलं सगळं’ असं लिहिलं असेल तर ऑब्जेक्ट फायलींसकट ती पॅकेजमध्ये जाते. क्विल्टची (पॅच सांभाळणाऱ्या साधनाची) ‘डॉट पीसी’ डिरेक्टरी हा तसाच दुसरा पाहुणा: पॅच लावले की ती तिथे असतेच. डेबियन डिरेक्टरीसुद्धा अशीच आत शिरते. म्हणून नावं घेऊन लिहा: इन्क्लूड, एसआरसी, सीमेकच्या फायली, बास. डेब बनल्यावर त्यातली यादी एकदा डोळ्यांनी वाचा. लिंटियन (पॅकेज तपासणारं साधन) सगळं पकडत नाही.

एक समाधान आहे: तुम्ही लावलेले पॅच पॅकेजमध्ये जाणाऱ्या सोर्सला आधीच लागलेले असतात, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही.

सोर्स ठेवायचा कुठे? गूगलटेस्टने /यूएसआर/एसआरसी निवडलं, तुम्हीही निवडा. फाइलसिस्टिमच्या प्रमाणकात ही जागा सोर्स संदर्भासाठी ठेवायची म्हणून दिली आहे आणि शक्यतो तिथे बिल्ड करू नये असंही सुचवलंय. वापरणाऱ्यांनी नेमकं तेच केलं. उबुंटूवर वर्षानुवर्षं एक नुस्खा फिरत होता: सुडो लावून (रूटचे अधिकार घेऊन) त्या डिरेक्टरीत जा, सीमेक चालवा, मेक चालवा, बनलेल्या लायब्ररी /यूएसआर/लिबमध्ये कॉपी करा. काम होतं, यात शंका नाही. पण पुढच्या अपग्रेडला हेडर नवे येतात आणि कॉपी केलेली लायब्ररी जुनीच राहते, कारण डीपीकेजीला (पॅकेज बसवणाऱ्या साधनाला) तिचा पत्ताच नाही. म्हणजे ज्या विसंगतीसाठी सोर्स द्यायचा खटाटोप केला, तीच मागच्या दाराने घरात.

याची एक कडवट शेपटी पॅकेज करणाऱ्याच्याच गळ्यात येते. समजा पुढे डिरेक्टरीचं नाव बदललंत आणि जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवायची आहे. गूगलटेस्टला हे करावं लागलं, कारण २०१६ मध्ये १.८ आवृत्तीत जीटेस्ट आणि जीमॉक (टेस्टसाठी नकली क्लास बनवणारी लायब्ररी) एकत्र आले आणि सोर्स /यूएसआर/एसआरसी/गूगलटेस्टखाली गेला. डीपीकेजी अपग्रेडमध्ये डिरेक्टरीच्या जागी सिमलिंक आपण होऊन बसवत नाही. त्यासाठी मेंटेनर स्क्रिप्टचा खास हेल्पर आहे, आणि तो हेल्पर आधी बघतो की त्या डिरेक्टरीत पॅकेजच्या मालकीचं नसलेलं काही पडलंय का. पडलेलं असेल तर तो थांबतो. आणि ज्यांनी सुडो लावून तिथे मेक चालवलं, त्यांच्या त्या डिरेक्टरीत मालकी नसलेल्या फायलींचा ढीग असतो! म्हणून डिरेक्टरीचं नाव पहिल्या दिवशी नीट ठरवा. आवृत्तीचा आकडा त्यात घालू नका. डीकेएमएस मॉड्यूल (कर्नलबरोबर पुन्हा बिल्ड होणारे) तसं करतात, पण त्यांना एकाच वेळी दोन आवृत्त्या नांदवायच्या असतात. तुमच्या वापरणाऱ्याला कायम एकच पत्ता हवा.

तो पत्ता वापरायचा कसा, हे सांगणं तुमचंच काम. सीमेकवाल्यांसाठी सरळ मार्ग म्हणजे अ‍ॅड-सबडिरेक्टरी. सोर्स प्रोजेक्टच्या झाडाबाहेर असल्यामुळे त्या आज्ञेला दुसरा पॅरामीटर, म्हणजे बिल्डची डिरेक्टरी, द्यावीच लागते. तो न दिल्याने येणारा एरर वाचून लोक पॅकेज मोडकं आहे असा बग टाकतात. ज्या प्रोजेक्टमध्ये फेच-कंटेंट वापरलंय आणि जे बिल्डच्या वेळी गिटवरून लायब्ररी ओढू बघतात, त्यांना पॅच करायची गरज नसते. फेच-कंटेंटमध्ये प्रत्येक डिपेंडन्सीसाठी ‘सोर्स इथे आहे’ सांगणारं एक व्हेरिएबल असतं. कॉन्फिगर करताना ते तुमच्या /यूएसआर/एसआरसीच्या डिरेक्टरीवर रोखलं की डाउनलोड होत नाही. ज्यांच्याकडे साधी मेकफाइल आहे त्यांच्यासाठी गूगलटेस्टमध्ये एक छान सोय आहे: एसआरसीमधली ‘जीटेस्ट-ऑल’ ही एकच फाइल बाकीच्या सगळ्या फायली आत ओढून घेते, म्हणजे एका कंपाइलमध्ये काम संपतं. तुमच्या अपस्ट्रीमकडे अशी फाइल नसेल तर सुचवून बघा.

आता ज्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो: ऑटोपीकेजीटेस्ट, म्हणजे इन्स्टॉल झालेल्या पॅकेजची आपोआप चालणारी चाचणी. ‘ऑल’ पॅकेज डेबियनच्या बिल्ड यंत्रांवर एकदाच बनतं, एकाच आर्किटेक्चरवर. म्हणजे रूल्समध्ये चालवलेल्या टेस्ट्स फक्त तिथलं सांगतात. तुमचा सोर्स एस३९०एक्सवर, जिथे बाइट्सचा क्रम उलटा असतो, किंवा ३२-बिट एआरएमवर कंपाइल होतो का, हे बिल्डमधून कळतच नाही. साध्या लायब्ररीला प्रत्येक आर्किटेक्चरवर बिल्ड होताना ही परीक्षा फुकटात मिळते. धान्य विकणाऱ्याला ती मुद्दाम घ्यावी लागते. डेबियनची सीआय यंत्रणा ऑटोपीकेजीटेस्ट अनेक आर्किटेक्चरवर चालवते, आणि तिचा निकाल ‘अनस्टेबल’मधून ‘टेस्टिंग’मध्ये (डेबियनच्या पुढच्या टप्प्यात) जाण्यावरही परिणाम करतो.

त्या टेस्टमध्ये काय असावं? वापरणाऱ्याचं सोंग घ्या. साधा यूजर, रूट नव्हे, तात्पुरती डिरेक्टरी, तिथे पाच ओळींची टेस्ट आणि छोटी सीमेक फाइल, इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमधून सोर्स घेऊन बिल्ड, आणि टेस्ट चालवणं. सोर्सची डिरेक्टरी रूटच्या मालकीची असल्यामुळे तुमची बिल्ड सिस्टिम चोरून तिथे काही लिहीत असेल तर लगेच उघडं पडतं. मग तोच प्रकार निरनिराळ्या फ्लॅग्जनी: एकदा जीसीसी, एकदा क्लँग, एकदा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, एकदा एक्सेप्शन बंद, एकदा लिबस्टडीसी++चा डीबग मोड (हा माझ्या दोन दिवसांच्या स्मरणार्थ). आणखी एक टेस्ट मुद्दाम नापास होणारी ठेवा आणि प्रोसेस शून्येतर कोड देऊन बाहेर पडते हे तपासा. टेस्टिंग लायब्ररी सगळ्यालाच ‘पास’ म्हणायला लागली तर कुणाच्याच लक्षात येत नाही.

वॉर्निंग हा वेगळा डोकेदुखीचा विषय. वापरणाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये ‘प्रत्येक वॉर्निंग म्हणजे एरर’ हा फ्लॅग असला तर अ‍ॅड-सबडिरेक्टरीमधून तो तुमच्या सोर्सलाही लागतो. त्यात गूगलटेस्टच्या १.१० मधल्या सीमेक फायली तो फ्लॅग स्वतःच लावायच्या. जीसीसी ११ आला, त्याला डेथ टेस्टच्या (प्रोग्रॅम कोसळतो का हे तपासणाऱ्या टेस्टच्या) कोडमधलं एक व्हेरिएबल न भरता वापरल्यासारखं वाटलं, आणि ज्यांच्या कोडमध्ये काहीही बदललं नव्हतं अशा प्रोजेक्टचे बिल्ड पडले. अपस्ट्रीमला तो फ्लॅग स्वतःच्या विकासासाठी हवा असतो, ते योग्यच. पॅकेजमध्ये तो नको. सीमेक फाइलमधून काढणारा दोन ओळींचा पॅच पहिल्याच अपलोडमध्ये ठेवा.

परवान्यांकडे कंपाइल केलेल्या पॅकेजपेक्षा इथे जास्त बारकाईने बघावं लागतं असं मला वाटतं, कारण प्रत्येक फाइल जशीच्या तशी वापरणाऱ्याच्या डिस्कवर उतरते. गूगलटेस्टचा मुख्य कोड तीन कलमी बीएसडी परवान्याचा, पण जीमॉकमध्ये एकेकाळी मॉक क्लास तयार करून देणारी पायथनची स्क्रिप्ट होती आणि तिचा परवाना अपाचे २.०. ‘सगळं बीएसडी’ म्हणून एका ओळीत कॉपीराइट फाइल संपवली असती तर नव्या पॅकेजेसच्या रांगेतूनच परत आली असती. तिथे माणसं फायली वाचतात. वेब फॉन्ट, मिनिफाय केलेलं जावास्क्रिप्ट, डॉक्युमेंटेशनमधल्या तयार एचटीएमएल फायली असं काही असेल तर कॉपीराइट फाइलच्या वगळण्याच्या यादीत टाकून टारबॉल पुन्हा बांधा. आणि टारबॉल अपस्ट्रीमच्या रिलीजमधून घ्या किंवा गिट टॅगवरून स्वतः बनवा. २०२३ च्या जानेवारीत गिटहबने आपोआप बनणाऱ्या टारबॉलचं कॉम्प्रेशन बदललं, एकाच टॅगच्या फाइलचा चेकसम बदलला आणि त्यावर विसंबलेले कित्येक बिल्ड पडले. त्यांनी तो बदल लगेच मागे घेतला, पण धडा मिळाला.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी कुणीतरी विचारेलच: वापरणाऱ्याच्या पॅकेजमध्ये ‘बिल्ट-यूझिंग’ किंवा ‘स्टॅटिक-बिल्ट-यूझिंग’ (कुठल्या सोर्सपासून बनलं याची नोंद) लिहायला लावायचं का? डेबियनमधल्या गो आणि रस्टच्या लायब्ररीही सोर्स-रूपातच असतात आणि त्यांचा कोड शेवटच्या बायनरीत मुरतो. त्यामुळे लायब्ररीत सुरक्षेची चूक निघाली की कुणाकुणाला पुन्हा बिल्ड करायचं याचा हिशेब ठेवावा लागतो. टेस्टिंग लायब्ररीचं तसं नाही. ती बिल्डच्या वेळी येते, टेस्टचा प्रोग्रॅम बनतो, चालतो आणि तिथेच मरतो. डेबमध्ये तिचा अंशही जात नाही. म्हणून ती फील्ड नको. उलट वापरणाऱ्यांना सांगा, की बिल्ड-डिपेंड्समध्ये तुमच्या पॅकेजपुढे ‘नोचेक’ प्रोफाइलची खूण घाला, म्हणजे टेस्ट न चालवता बिल्ड करणाऱ्याला, विशेषतः नवं आर्किटेक्चर उभं करणाऱ्याला, ते लागणार नाही.

पण पुन्हा बिल्ड करायचा त्रास टळला, म्हणून नवी आवृत्ती निर्धास्त चढवता येते असं नाही. गूगलटेस्ट १.१३ ला किमान सी++१४ लागतं, १.१७ ला सी++१७. ज्या जुन्या पॅकेजच्या सीमेक फाइलमध्ये सी++११ ठोकून लिहिलंय, ते तुमच्या अपलोडनंतर पडणार. आणि ते आज कळणार नाही, त्याचा पुढचा बिल्ड होईल तेव्हा, कदाचित सहा महिन्यांनी, कळणार. नवी आवृत्ती आधी एक्सपेरिमेंटलमध्ये (डेबियनच्या प्रयोगाच्या विभागात) टाका, बिल्ड-डिपेंडन्सीत तुमचं नाव असलेली सगळी पॅकेजेस तिच्यावर पुन्हा बिल्ड करून बघा (त्यासाठी ‘रॅट’ नावाचं साधन आहे, रात्रभर चालत ठेवता येतं), पडलेल्यांच्या मेंटेनरना पॅचसकट बग द्या, थोडे दिवस थांबा, मग अनस्टेबल. हा क्रम उलटा केलात तर बग तुमच्याकडे येतील, आणि सौम्य भाषेत येणार नाहीत.

राहिला मोठा निर्णय: फक्त सोर्स, की बरोबर कंपाइल केलेलंही? गूगलटेस्टवर डेबियन शेवटी दोन्ही देण्यावर आलं. ‘गूगलटेस्ट’ या पॅकेजमध्ये सोर्स आणि लिबजीटेस्ट-डेव्हमध्ये हेडरबरोबर स्टॅटिक (बिल्डच्या वेळीच प्रोग्रॅममध्ये मुरणारी) लायब्ररी. उबुंटू १८.०४ मध्ये अजून सोर्सच होता, २०.०४ मध्ये आयती लायब्ररी परत आलेली दिसते. अपस्ट्रीमचंही मत सीमेकमधल्या इन्स्टॉलच्या सोयीपुरतं सैल झालं. कॅच२ या दुसऱ्या टेस्टिंग लायब्ररीची कथा उलट दिशेची: ती आधी एका हेडरमध्ये मावायची, पण तो हेडर प्रत्येक फाइलमध्ये कंपाइल होण्याचा वेळ इतका झाला, की २०२२ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती वेगळी कंपाइल करायची साधी लायब्ररी झाली.

माझं मत विचाराल तर दोन्ही द्या, पण आयती लायब्ररी स्टॅटिकच ठेवा. शेअर्ड दिलीत तर एबीआयची (कंपाइल झालेल्या कोडची मांडणी न बदलण्याची) जबाबदारी घ्यावी लागते, आणि जो अपस्ट्रीम ‘कंपाइल करून ठेवूच नका’ म्हणतो तो एबीआय स्थिर ठेवणार नाही हे उघड आहे. प्रत्येक आवृत्तीला नाव बदला, ट्रान्झिशन (ती वापरणाऱ्या सगळ्या पॅकेजेसचा एकत्रित बदल) मागा, वाट बघा. ज्या लायब्ररीचा कोड कुणाच्या डेबमध्ये जातच नाही तिच्यासाठी एवढं कोण करणार? स्टॅटिक लायब्ररी ज्या स्टँडर्डने कंपाइल केलीत ते रीडमी डॉट डेबियनमध्ये लिहा, आणि शक्यतो त्या डेबियन रिलीजच्या जीसीसीचं डीफॉल्ट स्टँडर्डच वापरा. जो काहीच ठरवत नाही त्याचे फ्लॅग तुमच्याशी जुळतील.

आज आयती लायब्ररी द्यायची नसली, तरी नावं आजच दोन ठरवा: सोर्ससाठी लायब्ररीचं मूळ नाव, आणि ‘लिब...डेव्ह’ हे नाव हेडरसाठी. कारण पुढे कधीतरी स्टॅटिक लायब्ररी वाढवताना नवं बायनरी पॅकेज काढावं लागलं, तर एका फाइलसाठी ते पुन्हा नव्या पॅकेजेसच्या रांगेत जातं आणि आठवडे तिथेच बसतं. लिबडेव्ह आधीपासून असेल तर त्याचं आर्किटेक्चर ‘ऑल’वरून ‘एनी’ करायचं, ‘फॉरेन’चं ‘सेम’ करायचं, लायब्ररी आर्किटेक्चरच्या नावाच्या डिरेक्टरीत टाकायची, आणि नेहमीसारखं अपलोड.